जुन्या स्लाइड्स घरी स्कॅन करायच्या आहेत : स्कॅनर, सेटिंग आणि क्रम

उघडझाप

नमस्कार मंडळी,

वडिलांनी काढलेल्या ३५ मिमी रंगीत स्लाइड्स आता माझ्या ताब्यात आल्या आहेत. हजाराच्या आसपास असतील. बऱ्याचशा पुठ्ठ्याच्या माउंटमध्ये, म्हणजे चौकटीत, आहेत, काही प्लास्टिकच्या, आणि थोड्या दोन काचांच्या मध्ये बसवलेल्या. काहींवर कोडाक्रोम, काहींवर एक्टाक्रोम असं फिल्मचं नाव छापलेलं आहे, उरलेल्यांवर काहीच नाही. सगळ्या डब्यांत ओळीने लावलेल्या आहेत आणि अनेकांच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं आहे.

माझ्याकडे स्लाइड होल्डर असलेला फ्लॅटबेड स्कॅनर आहे. खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलंय. चाचणी म्हणून एकच स्लाइड २४०० आणि ६४०० वर स्कॅन करून पाहिली. दुसरी फाइल प्रचंड झाली, वेळही खूप लागला, पण चेहरे काही जास्त स्पष्ट दिसले नाहीत. असं का? शिवाय काही स्लाइड्स पूर्ण लालसर झाल्या आहेत, त्यांचं काही होऊ शकतं का? आणि स्कॅनरमध्ये धूळ काढायची सोय आहे, ती सरसकट चालू ठेवावी का?

काम एकदाच करायचं आहे, त्यामुळे सुरुवातीलाच नीट विचारून घेतोय.


भिंग

आधी डीपीआयचं बघू, कारण बहुतेकांचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

खोक्यावरचा आकडा म्हणजे सेन्सर एका इंचात किती बिंदू मोजतो, तेवढंच. त्या बिंदूंमध्ये खरा तपशील किती उतरतो ते स्कॅनरच्या आतल्या भिंगावर आणि फोकसवर ठरतं. यूएसएएफ १९५१ नावाची एक चाचणीपट्टी असते, तिच्यावर बारीक होत जाणाऱ्या रेघांचे गट असतात. ती स्कॅन करून कुठल्या गटापर्यंत रेघा वेगळ्या दिसतात हे पाहिलं की खरं रिझोल्यूशन कळतं. घरगुती फ्लॅटबेड ६४०० वर लावला तरी प्रत्यक्षात दीड ते अडीच हजारांच्या आसपासच अडकतो. तुम्हाला फरक दिसला नाही कारण फरक नव्हताच. फिल्मसाठीच बनवलेले स्कॅनर यापेक्षा बरेच पुढे जातात. निकॉनचे कूलस्कॅन त्यासाठीच अजून शोधले जातात, जरी त्यांचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली.

आता हिशोब करा. स्लाइडवरचं चित्र २४ × ३६ मिमी. २४०० डीपीआयला साधारण ३४०० × २२६८ बिंदू मिळतात, म्हणजे पावणेआठ मेगापिक्सेल. ४के टीव्हीच्या पडद्याची उंची २१६० बिंदू, म्हणजे उंचीला तो पडदा पुरता भरतो. कागदावर ३०० डीपीआयने छापलं तर सव्वाअकरा बाय साडेसात इंचांचा प्रिंट निघतो. ४००० डीपीआयला एकवीस मेगापिक्सेल होतात, आणि १६ बिट टिफ (दाबून लहान न केलेली फाइल) ठेवलीत तर प्रत्येक फाइल १२८ एमबीच्या घरात. हजार स्लाइड्सचे १२८ जीबी. डिस्कवर ते मावेल हो, पण तुमचा स्कॅनर तेवढा तपशील देतच नसेल तर ती जागा आणि तो वेळ कशासाठी?

माझं मत : फ्लॅटबेडवर २४०० ठेवा, फार तर ३२००. सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग बंद. बिट डेप्थ मात्र ४८ बिट रंगीत, म्हणजे प्रत्येक रंगाला १६ बिट. लाल झालेल्या स्लाइड्सना ते लागणारच आहे.

आणखी एक, फोकसबद्दल. फ्लॅटबेडचा फोकस सहसा ठरावीक उंचीवर असतो. पुठ्ठ्याचं माउंट पातळ, प्लास्टिकचं जाड, काचेचं त्याहून जाड, त्यामुळे फिल्म प्रत्येकात वेगळ्या उंचीवर बसते. होल्डरच्या पायाखाली कागदाचे छोटे तुकडे एकेक वाढवत तीच स्लाइड चार-पाच उंचींवर स्कॅन करून बघा. डीपीआय वाढवून जे मिळत नाही ते अनेकदा अर्ध्या मिलिमीटरने मिळतं.


कोरा_कागद

भिंग यांच्याशी डीपीआयबाबत पूर्ण सहमत. फक्त एक भर घालतो. होल्डरच्या वरच्या टोकाला एक रिकामी फट असते. स्कॅनर तिथून दिव्याचा प्रकाश मोजून स्वतःला जुळवून घेतो. तिथे धूळ, कागद किंवा होल्डरचीच कड आली तर सगळ्या स्कॅनवर उभ्या रंगीत रेघा येतात आणि माणूस स्लाइडमध्ये दोष शोधत बसतो.


तांबडफुटी

लाल स्लाइड्सबद्दल मी लिहिते, कारण माझ्या आजोबांच्या संग्रहात त्याच जास्त होत्या.

रंगीत स्लाइडमध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असतात : पिवळा, मॅजेंटा आणि सायन. जुन्या एक्टाक्रोममध्ये, विशेषतः १९७० च्या दशकात फिल्म धुण्याची ई-६ प्रक्रिया येण्यापूर्वीच्या, सायन थर टिकाऊ नव्हता. डबा बंद असला, अंधारात असला, तरी तो हळूहळू उडत जातो. सायनचं काम लाल प्रकाश अडवणं. तो गेला की लाल अडत नाही आणि सगळं चित्र तांबडं होतं. कोडाक्रोमचं बरोबर उलट : अंधारात ठेवलेली कोडाक्रोम अर्ध्या शतकानंतरही ताजी दिसते.

दुरुस्ती होते, पण ती ‘ऑटो कलर’ने होत नाही. फोटो एडिटरमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल वेगवेगळे उघडा आणि प्रत्येकाचा हिस्टोग्राम, म्हणजे गडद ते उजळ बिंदूंचा आलेख, बघा. हिरवा आणि निळा बऱ्यापैकी पसरलेले दिसतील. लाल मात्र उजळ बाजूला गोळा झालेला असेल, त्याच्या काळ्या टोकाला काहीच नसेल. लालचं काळं टोक आत ओढून जिथे आलेख सुरू होतो तिथे आणायचं. मग मधला सरकपट्टा हलवून माणसांची त्वचा आणि करड्या वस्तू, म्हणजे रस्ता, दगड, सिमेंट, बघत जुळवायचं. सायन जिथे दाट होता तिथेच जास्त उडालेला असतो. त्यामुळे सावल्या फार लाल असतात, आकाश आणि पांढरे कपडे त्या मानाने कमी. सगळ्या चित्रावर सारखाच निळसर-हिरवा रंग चढवला तर सावल्या सुधारतात आणि पांढरे कपडे हिरवे पडतात, ते यामुळेच.

१६ बिट इथे कामाला येतात. लालचा आलेख इतका ताणावा लागतो की ८ बिटच्या फाइलमध्ये तो तुटतो आणि आकाशात पट्टे दिसायला लागतात.

व्ह्यूस्कॅन या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उडालेले रंग परत आणायचा एक पर्याय आहे, इतर सॉफ्टवेअरमध्येही असतो. सुरुवात म्हणून तो वापरा. पण मूळ स्कॅन त्याशिवायचा ठेवा. पुढे कधी चांगलं तंत्र आलं तर त्याला न छेडलेली फाइल लागेल.


उघडझाप

तांबडफुटी, मनापासून आभार. एका स्लाइडवर आत्ताच करून पाहिलं. आईची साडी हिरवी होती, हे मला आज कळलं. मी ती तपकिरीच समजत होतो.

धूळ काढायच्या सोयीचं कुणी सांगेल का?


दुर्बीण

धूळ काढायची ती सोय म्हणजे बहुधा डिजिटल आइस किंवा तशीच काही. तिचं तत्त्व समजून घेतलं की कधी चालू आणि कधी बंद हा प्रश्न उरत नाही.

स्कॅनर एक जास्तीची फेरी अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात मारतो. बहुतेक रंगीत फिल्मची रंगद्रव्यं अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असतात. म्हणजे त्या फेरीत चित्र दिसतच नाही. दिसते फक्त धूळ, केस आणि ओरखडे, कारण ते प्रकाश अडवतात. त्या नकाशावरून सॉफ्टवेअर नेमक्या त्याच जागा आजूबाजूच्या रंगाने भरून काढतं. एक्टाक्रोम, फुजीक्रोम आणि इतर ई-६ फिल्मवर हे सुरेख चालतं. वेळ जास्त लागतो, पण हाताने ठिपके पुसण्यापेक्षा कितीतरी कमी.

कोडाक्रोमवर गडबड होते. तिचे गडद भाग अवरक्त प्रकाशालाही थोडे अडवतात. मग सॉफ्टवेअर केसांची बट किंवा झाडाची फांदी धूळ समजून पुसायला लागतं, आणि कडा मऊ पडतात. निकॉनच्या सुपर कूलस्कॅन ९००० मध्ये कोडाक्रोमसाठी वेगळी सोय होती आणि सिल्व्हरफास्ट या सॉफ्टवेअरमध्येही आहे. पण तुमच्या स्कॅनरच्या सोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती नसेल तर कोडाक्रोमला बंद ठेवा. कृष्णधवल स्लाइड असेल, उदाहरणार्थ ॲग्फा स्काला, तर नक्कीच बंद. तिथे चित्रच चांदीचं असतं आणि चांदी अवरक्त प्रकाश अडवते, त्यामुळे सगळं चित्रच धूळ ठरतं.

कोडाक्रोम ओळखायची कशी? माउंटवर लिहिलेलं नसेल तर स्लाइड तिरक्या उजेडात धरा. मंद, चकाकी नसलेल्या बाजूला चित्र उठावदार कोरल्यासारखं दिसलं तर बहुधा कोडाक्रोम. आणि स्कॅनमध्ये ती निळसर येते, कारण तिची रंगद्रव्यं वेगळी असतात आणि स्कॅनरचं साधं रंगांचं प्रोफाइल ई-६ फिल्म गृहीत धरतं. कोडाक्रोमसाठी स्कॅनरचे रंग जुळवायची वेगळी आयटी-८ रंगपट्टी काढलेली होती ती त्यामुळेच. म्हणून माझा आग्रह असा की स्कॅन सुरू करण्याआधी कोडाक्रोम आणि इतर असे दोन गठ्ठे करा आणि दोन्हींची सेटिंग वेगळी जतन करून ठेवा.


अनुक्रमणिका

थांबा! गठ्ठे करण्याआधी माझं ऐका.

मी कागदपत्रं आणि छायाचित्रं जतन करण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. या धाग्यावर सगळे रंग आणि रेषांबद्दल बोलताहेत, आणि ते बरोबरच आहे. पण रंग पुन्हा आणता येतो, स्कॅन पुन्हा काढता येतो. क्रम एकदा मोडला की परत लागत नाही.

उघडझाप, तुमच्या वडिलांनी स्लाइड्स डब्यांत ओळीने लावल्या होत्या. ती ओळ म्हणजेच माहिती आहे. एका स्लाइडवर काहीच लिहिलेलं नसतं, पण तिच्या आधीच्या स्लाइडवर गावाचं नाव असतं आणि नंतरच्या स्लाइडमध्ये तोच माणूस त्याच सदऱ्यात असतो. तिन्ही शेजारी असतील तर मधली स्लाइड कुठली, केव्हाची, कुणाची हे कळतं. वेगळ्या गठ्ठ्यांत गेली तर ती फक्त एका अनोळखी माणसाचा फोटो उरते.

तेव्हा पहिलं काम स्कॅनरवर नाही. प्रत्येक डब्याचा वरून एक फोटो काढा, डब्यावरच्या चिठ्ठीसकट. मग प्रत्येक स्लाइडच्या माउंटवर मऊ पेन्सिलीने डब्याचं अक्षर आणि क्रमांक घाला : क-००१, क-००२. बॉलपेन नको, शाई पाझरते. चिकटपट्टी नको, तिचा गोंद वर्षानुवर्षं सरकतो. हा क्रमांक पडल्यावर हवे तेवढे गठ्ठे करा, दुर्बीण यांचा सल्ला तेव्हा निर्धास्तपणे पाळा.

नंतर माउंटचे फोटो, दोन्ही बाजूंनी. मोबाइलने चालतं. एका वेळी वीस स्लाइड्स पांढऱ्या कागदावर मांडा, फोटो, उलटवा, फोटो. वडिलांची पेन्सिलीची अक्षरं स्कॅनर कधीच टिपणार नाही, कारण तो फक्त मधल्या खिडकीतून बघतो. कोडॅकच्या अनेक पुठ्ठ्याच्या माउंटवर महिना आणि वर्ष उमटवलेलं किंवा छापलेलं असतं. तो फिल्म धुतल्याचा महिना, फोटो काढल्याचा नाही. कुणी रोल वर्षभर कॅमेऱ्यात ठेवलेला असू शकतो. पण ‘त्यानंतरचा नाही’ एवढं तर नक्की ठरतं, आणि घरातल्या लग्नाच्या किंवा बारशाच्या तारखांशी ताडून बघायला तेवढं पुरतं.

हे सगळं करायला दोन-तीन सुट्ट्या जातील. त्या द्या.


पाणकळा

अनुक्रमणिका यांचा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला.

माझा प्रश्न बुरशीचा. आमच्याकडच्या स्लाइड्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. पाण्याने पुसल्या तर?


तांबडफुटी

पाणी अजिबात लावू नका! बुरशी इमल्शनमधल्या, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थरातल्या, जिलेटिनवर जगते आणि त्याला पाण्यात विरघळणारं करून सोडते. ओला कापूस फिरवला की बुरशीबरोबर चित्रही निघून येतं.

आधी त्या स्लाइड्स बाकीच्यांपासून वेगळ्या काढा आणि कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते, खाली आणली की थांबते. वरवरची बुरशी फिल्मसाठीच्या निर्जल क्लीनरने, मऊ न खरडणाऱ्या पॅडवर घेऊन, कमी महत्त्वाच्या स्लाइडवर आधी करून बघून, हलक्या हाताने काढता येते. पण आधी आहे तशीच स्कॅन करा. पुसताना काही बिघडलं तर निदान तेवढं हातात असेल. इमल्शन खाल्लं गेलं असेल तर क्लीनरने ते भरून येणार नाही, तिथे एडिटरमध्येच काम करावं लागतं.


कोरा_कागद

साध्या धुळीला हाताने दाबायचा रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश एवढंच पुरे. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे बारीक कण बसतात आणि ते जिलेटिनमध्ये रुततात. दाबाच्या हवेचे डबे मी टाळतो, डबा तिरका झाला तर गार द्रव बाहेर पडतो. स्लाइड नेहमी माउंटला धरून उचलावी. स्कॅनरची काचही दर काही फेऱ्यांनी पुसावी, वरची आणि खालची दोन्ही.


चौथी_ओळ

मला एक वेगळा मुद्दा मांडायचा आहे. हजार स्लाइड्स फ्लॅटबेडवर, एका वेळी चार किंवा फार तर बारा, आणि प्रत्येकीला अवरक्त फेरी धरून काही मिनिटं. होल्डर भरणं, पुसणं, नावं देणं वेगळंच. अनेक जण पहिल्या दोनशेनंतर थांबतात आणि उरलेला डबा पुन्हा माळ्यावर जातो. डिजिटल कॅमेरा आणि १:१ मॅक्रो लेन्स असेल तर स्लाइडचा सरळ फोटो का काढू नये? एका स्लाइडला काही सेकंद लागतात.

पाठीमागे चांगल्या रंगाचा एकसारखा प्रकाश हवा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा एलईडी. खोलीत अंधार. रॉ फाइल, सगळ्यात कमी आयएसओ, ॲपर्चर फुल फ्रेमला एफ ८ च्या आसपास. कॅमेरा स्लाइडला अगदी समांतर असावा लागतो. त्यासाठी स्लाइडच्या जागी छोटा आरसा ठेवा. व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्ये आलं की झालं समांतर. एकदा स्टँड जुळला की फक्त स्लाइड बदलत जायचं. तपशील घरगुती फ्लॅटबेडपेक्षा नक्कीच जास्त मिळतो.


दुर्बीण

वेगाबद्दल आणि तपशिलाबद्दल मान्य. पण कॅमेऱ्यात अवरक्त फेरी नाही. बुरशी नसलेल्या, स्वच्छ ठेवलेल्या कोडाक्रोमला कॅमेरा उत्तम, तिथे ती सोय तशीही कामाची नाही. धुळकट एक्टाक्रोमला स्कॅनरच बरा, नाहीतर वाचलेला वेळ ठिपके पुसण्यात जातो. ज्यांच्याकडे स्कॅनर आहे आणि मॅक्रो लेन्स नाही त्यांनी केवळ यासाठी नवी सामग्री जमवावी असं मला वाटत नाही.


भिंग

चौथी_ओळ यांचा अर्ध्यावर थांबण्याचा मुद्दा मात्र फार खरा आहे. म्हणून मी दोन टप्पे सुचवतो. आधी सगळ्या स्लाइड्स १२०० डीपीआयवर, ८ बिट, काहीही न सुधारता पटापट. हे पाहण्यापुरतं. मग घरच्यांसोबत बसून निवड, आणि निवडलेल्याच २४०० वर, १६ बिट, सगळी काळजी घेऊन.


अनुक्रमणिका

दोन टप्प्यांना माझा पाठिंबा, एका अटीवर. निवड म्हणजे टाकून देणं नव्हे. हललेली, अर्धवट, कुणाची पाठ आलेली स्लाइडसुद्धा ओळीतली एक कडी असते. मूळ स्लाइड्स तर मुळीच टाकू नका. त्या पीव्हीसीच्या पाकिटांत असतील तर काढून पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटांत, थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा.

आणि घरच्यांसोबत बसाल तेव्हा आवाज रेकॉर्ड करा. १२०० च्या फाइल्स टीव्हीवर लावा, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला समोर बसवा आणि प्रत्येक स्लाइडचा क्रमांक मोठ्याने म्हणत जा. स्कॅन सहा महिन्यांनी केलात तरी चालेल. हे आधी करा. कुणाच्या शेजारी कोण उभं आहे हे सांगू शकणारं माणूस त्या घरात एखादंच असतं.


उघडझाप

आत्याला बोलावतो. त्या काळातलं आता तिलाच आठवतं. आई तर नाही.

दोन शंका राहिल्या. काचेच्या माउंटमधल्या स्लाइड्सवर स्कॅनमध्ये इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसताहेत. आणि फाइलमध्ये तारीख टाकायची तर फक्त वर्षच माहीत असेल तिथे काय करायचं?


दुर्बीण

ती न्यूटनची वलयं. फिल्म आणि काच जवळजवळ टेकतात तिथे मधल्या अतिपातळ हवेच्या थरातून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून ती तयार होतात. सॉफ्टवेअरने नीट जात नाहीत. माउंट उघडून फिल्म साध्या, बिनकाचेच्या प्लास्टिक माउंटमध्ये घालणं हाच उपाय. हातात सुती मोजे घाला आणि जुनं माउंट टाकू नका, त्यावर लिहिलेलं असतं. माउंट चिकटपट्टीने बंद केलेलं असेल तर पट्टी कापा, ओढू नका. आणि फिल्म काचेला चिकटली असेल तर जबरदस्ती न करता तशीच स्कॅन करा.


अनुक्रमणिका

तारखेचं असं. फाइलच्या नावात डबा आणि क्रमांक असू द्या, तो कधीच बदलणार नाही. वर्ष बदलू शकतं, आत्या उद्या वेगळं सांगेल. फाइलच्या आतल्या तारखेच्या रकान्यात स्कॅनरने आजची तारीख घातलेली असते, ती बदला नाहीतर १९७१ चं लग्न या वर्षीच्या फोटोंमध्ये जाऊन बसतं. एक्झिफटूल या फाइलमधली माहिती बदलणाऱ्या प्रोग्रामने एका आज्ञेत सगळ्या डब्याची बदलता येते. फक्त वर्ष माहीत असेल तर १ जानेवारी घाला आणि शीर्षकाच्या रकान्यात ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहा, तारीख कुठून मिळाली तेही : माउंटवरून, की आत्याने सांगितली. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात.


तांबडफुटी

उघडझाप, प्रोजेक्टरचा दिवा बदलून आत्याला पडद्यावर दाखवायचा विचार असेल तर एक सांगून ठेवते. अंधारात इतकी टिकणारी कोडाक्रोम प्रोजेक्टरच्या प्रकाशात मात्र लवकर उडते. कोडाक्रोमच्या स्लाइड्स टीव्हीवरच दाखवा. अगदीच पडद्यावर पाहायच्या असतील तर आधी स्कॅन करून घ्या आणि एक स्लाइड अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लावून ठेवू नका.